बाजार एक झाला, वाडी वेगळीच राहिली

२४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह मुंबईहून बोटीने महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी निघाले. धरमतरला उतरून पुढे मोटारने महाड गाठायचे, ही त्या काळची सोयीची वाट होती. ती त्यांनी घेतली नाही. बोटीने हरेश्वरच्या, म्हणजे आजच्या हरिहरेश्वरच्या, बंदरापर्यंत यायचे, तेथे लहान बोटीत बसायचे आणि सावित्रीच्या खाडीतून आत दासगावला उतरायचे, असा लांबचा मार्ग त्यांनी पत्करला. कारण साधे होते. महाडच्या मोटारवाल्यांनी अडवणूक केलीच, तर दासगावहून पाच मैल चालत जाता येईल. धरमतरहून तसे चालत जाणे शक्य नव्हते.

राष्ट्रीय एकात्मता आणि आर्थिक धोरण ह्या विषयावर बोलताना मला ही बोट पुन्हा पुन्हा आठवते. हरेश्वरचे बंदर तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाच्या संस्थानात होते. समोरचे बाणकोट इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात आणि दासगाव-महाड इंग्रजांच्याच कुलाबा जिल्ह्यात. म्हणजे ह्या मुक्कामात एक संस्थानी हद्द पडत होती. पण बाबासाहेबांना आपला मार्ग ठरवताना काळजी करावी लागली ती नबाबाच्या हद्दीची नव्हे. ती करावी लागली भाड्याच्या मोटारीची. पैसे मोजून मिळणारी जागासुद्धा जात पाहून नाकारली जाईल, ही भीती खरी होती. बाजारात पैशाला जात नसते असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. धरमतर-महाड रस्त्यावर ती होती.

पुढे मार्च १९४८ मध्ये जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. सावित्रीच्या मुखावरची हद्द नकाशावरून पुसली गेली आणि त्याचा आनंद सर्वांनाच झाला. प्रश्न एवढाच आहे की, नव्या राष्ट्राने जी हद्द पुसली आणि १९२७ साली जी हद्द आडवी आली, त्या दोन्ही एकच होत्या काय?

आमच्या विद्यापीठांत ह्या विषयावर ठराविक प्रश्न येतो आणि त्याचे ठराविक उत्तर विद्यार्थी पाठ करतात. जर्मन संस्थानांनी १८३४ साली जकातसंघ स्थापन केला आणि १८७१ चे जर्मन राष्ट्र त्या पायावर उभे राहिले. अमेरिकेत हॅमिल्टनने १७९० साली घटक राज्यांची युद्धकर्जे केंद्राच्या डोक्यावर घेतली आणि सावकारांचे हितसंबंध नव्या संघराज्याशी बांधून टाकले. भारतानेही तेच केले. साडेपाचशेच्या वर संस्थाने विलीन केली. घटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार-उदीम मोकळा केला. १९५१ साली पहिला वित्त आयोग नेमला, पंचवार्षिक योजना आखल्या, भिलाई, राउरकेला, दुर्गापूरचे पोलाद कारखाने उभारले, १९६९ साली चौदा बँका राष्ट्रीयीकृत केल्या. हे सारे खरे आहे आणि त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे मला कारण नाही. ज्या मराठवाड्यात निजामाचे स्वतःचे नाणे चालत होते तेथल्या म्हाताऱ्या माणसांना एका नाण्याची किंमत शिकवावी लागत नाही.

परंतु ह्या उत्तरात एक गृहीत लपलेले आहे. राष्ट्र दुभंगलेले असते ते प्रदेशांमुळे. म्हणून प्रदेश जोडले की राष्ट्र जोडले जाते, असे ते गृहीत आहे. पोलादाच्या रेल्वेभाड्याचे धोरण हे त्याचे नमुनेदार उदाहरण. १९५० च्या दशकात सरकारने ठरवले की, पोलाद देशात कोठेही सारख्याच भावाने मिळाले पाहिजे. लांबच्या वाहतुकीचा बोजा सर्वांवर वाटून टाकावा. हे धोरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. बिहार, बंगाल, ओरिसा ह्या खनिजाच्या प्रदेशांचा नैसर्गिक लाभ त्यामुळे हिरावला गेला आणि मुंबईसारख्या ठिकाणच्या उद्योगांचे फावले, ही टीका अनेकांनी केली आहे व ती रास्त आहे. मला निराळेच सुचते. जमशेदपूर आणि मुंबई ह्यांच्यातले हजार-दीड हजार किलोमीटरचे अंतर मिटवण्यासाठी राष्ट्राने चार दशके पदरमोड केली. गाव आणि वाडी ह्यांच्यातले शे-दोनशे पावलांचे अंतर मिटवण्यासाठी मात्र असा भाडे-समानीकरणाचा निधी कोणाला सुचला नाही.

सुचला नाही, असे म्हणणेही अर्धसत्यच. सुचला होता, लिहूनही दिला होता. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी घटना समितीसाठी जे निवेदन तयार केले, ते ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातला आर्थिक भाग आपल्याकडे ‘राज्य समाजवाद’ ह्या एका शब्दात गुंडाळून बाजूला ठेवला जातो. तो नीट वाचला तर ध्यानात येते की, राष्ट्र जोडण्याची ती एक वेगळीच योजना आहे. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत. विमा राज्याकडे असावा. शेती हाही राज्याचा उद्योग असावा. राज्याने जमीन घेऊन तिचे ठराविक आकाराचे भाग पाडावेत आणि जात-धर्म न पाहता गावकऱ्यांच्या गटांना ती सामुदायिक कसण्यासाठी द्यावी. जेणेकरून कोणी जमीनदार उरणार नाही, कोणी कूळ उरणार नाही आणि कोणी भूमिहीन मजूरही उरणार नाही. आणि हे सारे कायदेमंडळातील बहुमताच्या लहरीवर न सोडता घटनेतच लिहून ठेवावे.

आता पुढचा इतिहास पाहा. मूलभूत उद्योगांचा मोठा भाग राज्याने घेतला. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, म्हणजे विमाही घेतला. जमीन तेवढी सोडली. भांडवलदाराचा विमा-धंदा हातात घेताना राष्ट्राचा हात थरथरला नाही; गावातल्या जमिनीला हात लावताना थरथरला. कारण उघड आहे. विम्याचा धंदा काही घराण्यांच्या हातात होता. जमीन ही जातींच्या हातात होती, आणि त्या जातींच्या मतांवरच नव्या राष्ट्राचे राज्यकर्ते निवडून येणार होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी जो इशारा दिला, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगत जीवनात आपण प्रवेश करीत आहोत, आणि हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र आहेत असे मानणे हा भ्रम आहे, तो नुसता नैतिक उपदेश नव्हता. दोन वर्षांपूर्वी लिहून दिलेली योजना नाकारली गेली होती. त्या योजनेच्या कर्त्याचे ते भाषण होते, हे ध्यानात ठेवूनच ते वाचले पाहिजे.

कोकणच्या किनाऱ्यावर ह्या नाकारलेल्या योजनेचा एक जिवंत पूर्वावतार घडून गेला होता. येथे खोती होती. खोत हा सरकार आणि कूळ ह्यांच्यामधला वंशपरंपरागत मध्यस्थ. सारा वसूल करण्याच्या अधिकारावर तो गावाचाच धनी होऊन बसला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनी संप केला, शेत न कसण्याचा संप. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. त्यात कुणबी होते, महार होते, आगरी होते. ज्यांच्या पाणवठ्यांवर एकमेकांना मज्जाव होता ती माणसे एका मागणीखाली एका रस्त्यावरून चालली. दहा-अकरा वर्षांपूर्वी महाडच्या मोटारीत जागा मिळेल की नाही ह्याची शंका होती, त्याच कुलाबा-रत्नागिरीतले हे लोक होते. एकात्मता ह्या शब्दाला काही अर्थ असेल तर तो ह्या मोर्चात होता, आणि तो आर्थिक मागणीतूनच आलेला होता. तेव्हाच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने ते विधेयक पुढे सरकू दिले नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला. १९४८ चा कूळकायदा झाला होताच. त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. योगायोग असा की, दशमान नाणी, तो नवा पैसा, देशात सुरू झाली तीही १ एप्रिल १९५७ रोजीच. एकाच दिवशी दोन गोष्टी निघाल्या. नवा पैसा थोड्याच वर्षांत प्रत्येकाच्या हातात पोचला. जमीन ज्यांचे नाव कूळ म्हणून कागदावर होते त्यांच्यापर्यंत पोचली. खोताच्या किंवा कुळाच्या शेतावर मजुरी करणाऱ्याचे, आवत सांभाळणाऱ्याचे, भाताच्या पेंढ्यावर राबणाऱ्याचे नाव कोणत्याच रकान्यात नव्हते. खोताची सत्ता गेली, पण त्याची खाजगी जमीन त्याच्याकडेच राहिली. कुणबी कुळांपैकी ज्यांची नोंद होती ते मालक झाले. महार मजूर मजूरच राहिला. १९३८ चा मोर्चा ह्या तिघांत कायद्याने विभागून टाकला, असे मी म्हणतो ते काहींना कठोर वाटेल. पण मागणी एकत्र केली होती, मिळकत मात्र निवडून दिली गेली. मग एकत्र राहण्याचे कारण उरले कोठे?

महार वतनाची कहाणी ह्याहून बोलकी आहे. वतन म्हणजे गावाच्या वेठीचा मोबदला. बाबासाहेबांनी ते मोडण्यासाठी १९२८ सालीच मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणले होते. ते प्रत्यक्ष मोडले १९५८ च्या कायद्याने, तीस वर्षांनी. वेठ गेली, ही फार मोठी गोष्ट झाली आणि ती सरकारी कायद्यानेच झाली. पण जमीन वतनदाराला परत देताना ती नव्या शर्तीवर, किंमत भरून घेऊन, आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता वा वाटता येणार नाही अशा अटीने दिली गेली. हेतू संरक्षणाचा होता असे सांगतात. असेलही. पण देशातला सारा माल मोकळा फिरला पाहिजे असे घटनेत लिहिणाऱ्या राष्ट्रात एका जातीची जमीन तेवढी बांधलेली राहिली, आणि बांधलेल्या जमिनीवर बँक कर्ज देताना कां-कूं करते, हे कोणत्याही बौद्धवाडीत विचारून घ्यावे.

एवढे सगळे म्हटल्यावर, राष्ट्राच्या आर्थिक धोरणाने आम्हाला काहीच दिले नाही असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा होईल. आमच्या चळवळीतल्या काही तरुण मित्रांना तसा निष्कर्ष काढण्याची घाई असते. त्यांच्यासाठी मी पुन्हा त्या मोटारीकडे येतो.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर मुंबई राज्याची पहिली सरकारी बस धावली. प्रवासी वाहतूक खाजगी मालकांकडून काढून घेऊन राज्याने आपल्या हातात घेण्यास सुरुवात केली. पोलाद कारखान्यांवर ग्रंथ लिहिले गेले, एस.टी.वर राष्ट्रीय एकात्मतेच्या दृष्टीने कोणी लिहिले असल्यास माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक महाडच्या मोटारवाल्याने जे केले असते ते एस.टी.च्या कंडक्टरला करता येत नाही. तो तिकीट फाडतो, आणि तिकीट फाडले की जागा तिची, जी आधी येईल तिची. गाडीत कोणाशेजारी कोण बसते ह्यावर गावच्या पाटलाची हुकमत चालत नाही. पुढे त्याच कंडक्टरच्या आणि ड्रायव्हरच्या जागांवर आमची मुले राखीव जागांतून लागली. मी स्वतः घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या गावी कॉलेजला गेलो तो एस.टी.च्या सवलतीच्या पासावर. श्रीवर्धनहून सुटणाऱ्या त्या लाल गाडीने ह्या किनाऱ्यावर जेवढे स्पृश्यास्पृश्य शेजारी बसवले तेवढे कोणत्याही सहभोजनाने बसवले नसतील. अंतर मिटले ते तिकिटामुळे नव्हे, पैसे तर १९२७ सालीही होते. मिटले ते, गाडी सार्वजनिक पैशाची असल्यामुळे.

हे तत्त्व नवे नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले ह्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात जो ठराव मंजूर करून घेतला त्याचा गाभा हाच होता. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असले पाहिजेत. महाड नगरपालिकेने त्यालाच अनुसरून १९२४ साली चवदार तळे खुले केले, आणि कागदावरचे ते खुलेपण पाण्यावर उतरवायला १९२७ चा सत्याग्रह लागला. भारतीय घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, घाट, रस्ते ह्यांचा उल्लेख येतो तेव्हा तेथेही राज्याच्या निधीतून चालवलेले, हे शब्द आहेत. करदात्यांचा पैसा ज्यात आहे ते सर्वांचे, हा आमच्या परंपरेतला राष्ट्रवादाचा आर्थिक सिद्धांत आहे. तो कोणत्याही जकातसंघापेक्षा मला मोठा वाटतो.

उलट जेथे राज्य नव्हते, नुसता आधुनिक बाजार होता, तेथे काय झाले हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवले. कोकणचे संसार तेथून येणाऱ्या मनीऑर्डरींवर चालत. गिरणीत यंत्र विलायती, मालक देशी, कापूस वऱ्हाड-खानदेशचा, कामगार रत्नागिरी-कुलाब्याचा. एकात्म बाजाराचे ह्याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. पण चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात महारांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागला तर विटाळ होईल म्हणून. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला तेव्हा वर्गाच्या एकजुटीची भाषा करणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. बाजार जात मोडत नाही, जातीला यंत्रावर नेऊन बसवतो, हे त्या धोट्याने सिद्ध केले.

दुसऱ्या एका नव्या राष्ट्राने हा प्रश्न उघड उघड मांडला होता. मलेशियात मे १९६९ मध्ये वांशिक दंगली झाल्यानंतर १९७१ साली नवे आर्थिक धोरण आले. वंश आणि धंदा ह्यांची सांगड तोडणे हे राष्ट्रीय एकात्मतेचे साधन आहे, असे तेथील सरकारने जाहीरपणे म्हटले. तेथले धोरण राजकीय बहुमत असलेल्या मलायी समाजाच्या बाजूचे होते, हा मोठा फरक आहे. आणि त्याचा लाभ त्यांच्यातल्या सधनांनी अधिक लाटला, ही टीकाही खरी. परंतु राष्ट्र फुटते ते माणसांच्या गटांमधल्या मालकीच्या दरीमुळे, प्रदेशांमधल्या अंतरामुळे नव्हे, हे निदान त्यांनी कबूल केले. आपल्याकडे ही कबुली अपवादानेच मिळते. १९७० च्या दशकाच्या शेवटी अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आली. लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेचा पैसा, असे तिचे तत्त्व होते. चांगले होते. पण तो पैसा रस्ते, इमारती अशा सर्वसाधारण कामांवर वळवल्याच्या तक्रारी सातत्याने होत राहिल्या. आणि पुढे नियोजन आयोगच गेला व २०१७ साली पंचवार्षिक योजनाही संपल्या.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा एक राष्ट्र, एक कर अशी घोषणा झाली. कर खरोखरच एक आहे. हरिहरेश्वरच्या दुकानात बिस्किटाच्या पुड्यावर पर्यटक जो कर भरतो तोच त्याच्या खोलीची चादर धुणारी बाई भरते. करापुरती ती राष्ट्राची समान नागरिक आहे. खर्चाच्या बाजूला गेले की चित्र पालटते. सार्वजनिक उद्योग विकले जातात तसतशा राखीव जागा आपोआप नाहीशा होतात. त्यासाठी कोणाला घटना बदलावी लागत नाही. एस.टी.च्या कामगारांनी २०२१-२२ साली कित्येक महिने संप केला, त्यांची मुख्य मागणी महामंडळाचे शासनात विलीनीकरण ही होती. ती मान्य झाली नाही. सुशिक्षित वर्तमानपत्री वर्गाने तो पगाराचा प्रश्न म्हणून पाहिला. संस्थानांच्या विलीनीकरणाची पुस्तके लिहिणाऱ्यांना ह्या विलीनीकरणात राष्ट्राचा काही संबंध दिसला नाही.

आता ह्याच श्रीवर्धन तालुक्यात दिघी बंदर आहे, आणि दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील दिघी औद्योगिक क्षेत्राला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. देश जोडणारा प्रकल्प म्हणूनच त्याचे वर्णन होते. दिल्ली मुंबईला जोडली जाईल ह्यात मला शंका नाही. मोबदल्याच्या वेळी मात्र पहिला प्रश्न सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हाच विचारला जातो. आणि ते नाव १९४९, १९५७ आणि १९५९ ह्या तीन वर्षांनी ठरवून ठेवले आहे.

हरिहरेश्वरहून बागमांडल्याला गेले की फेरीबोट मिळते. गाडीसकट माणूस काही मिनिटांत पलीकडे वेसवीला उतरतो, आणि तेथून मंडणगड तालुक्यातले आंबडवे, बाबासाहेबांच्या घराण्याचे गाव, फार दूर नाही. डिसेंबरमध्ये आणि एप्रिलमध्ये आमचे विद्यार्थी ह्या वाटेने जातात, तसे त्यांनी जावेच. जाताना एक काम मात्र करावे, असे मी माझ्या वर्गात सांगतो आणि येथेही सांगतो. ज्याने त्याने आपल्या वाडीच्या आणि शेजारच्या गावठाणाच्या जमिनींचे जुने फेरफार तलाठ्याकडून, तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावेत. खोती गेली तेव्हा कोणत्या गटावर कोणाचे नाव चढले, कृषक दिनाला कोण कूळ म्हणून नोंदला गेला, वतनाची जमीन नव्या शर्तीवर कोणाला मिळाली आणि ती आज कोणाच्या वहिवाटीत आहे, हे चार रकाने करून लिहावे. वाडीतल्या म्हाताऱ्यांना कोण कोणते शेत कसत होते ते विचारून पाचवा रकाना भरावा. ह्या पाचव्या रकान्यातली नावे आधीच्या चारांत किती सापडतात ते मोजावे, आणि जमले तर ते ह्या अंकाकडे पाठवावे.